रंध्याच्या तळाला ओरखडे, लाकडावर रेघा: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

बडोद्यात माझ्याकडे धार लावायला आणि दुरुस्तीला हत्यारं येतात. पावसाळा सरला की एक तक्रार हमखास असते: "रंध्याला ओरखडे पडलेत, लाकडावर रेघा उठतात, तळ घासून द्या." बहुतेक वेळा तळ घासायची गरज नसते. तरी पुष्कळजण आधी घरीच घासून मग येतात. रंधा चांगला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पण बेल्ट सँडरवर धरल्यामुळे त्याचा तळ पुढून-मागून गोल झालेला असतो. फार वाईट वाटतं, कारण बीड एकदा गेलं की परत भरता येत नाही. म्हणून पॉलिश पेपर हातात घेण्याआधी हे वाचा.

ओरखडा म्हणजे खाच. खाच लाकडाला टेकतच नाही, मग ती रेघ कशी ओढेल? रेघ ओढतो तो खाचेच्या काठावर वर आलेला कंगोरा. खिळ्यावर किंवा शिकंज्याच्या जबड्यावर रंधा आपटला की धातू नुसता खोदला जात नाही, थोडा बाजूला ढकलला जातो आणि काठावर उभा राहतो. तो कंगोरा काढला की काम झालं, खाच खुशाल राहू द्या. पात्याचं मात्र उलट आहे. पात्याच्या पाठीवरची खाच धारेपर्यंत पोचली असेल तर तेवढ्या जागी धारच नसते. तेव्हा ओरखडा कुठे आहे आणि त्याला कंगोरा आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं आधी मिळवायची.

लक्षणं

रंधा मारलेली फळी खिडकीपाशी न्या, उजेड बाजूने अगदी तिरपा पडेल अशी धरा आणि रेघेवरून नख आडवं फिरवा. नखाला जे लागतं त्यावर अर्धं निदान होतं.

रेघ उंच लागली, दोऱ्यासारखी वर आलेली, तर दोष पात्याचा. धारेत खोच पडली आहे, तेवढ्या जागी लाकूड कापलं जात नाही आणि मागे उभं राहतं.

रेघ खोल लागली, चेपल्यासारखी आणि थोडी चकचकीत, तर दोष तळाचा. कंगोऱ्याने किंवा तळाला चिकटलेल्या एखाद्या खड्याने ती ओढली आहे.

रंध्याच्या प्रत्येक फेरीच्या कडेला पायरी पडत असेल तर तो ओरखड्यांचा विषय नाही. पात्याचे कोपरे लाकडात घुसताहेत. पातं तिरकं बसलंय का ते पाहा, आणि दगडावर दोन्ही कोपऱ्यांवर किंचित जास्त दाब देऊन धार मधोमध जराशी फुगीर करून घ्या.

आडव्या, जवळजवळ लाटा दिसल्या तर पातं थरथरतंय. लिव्हर कॅपचा, म्हणजे पातं वरून दाबून धरणाऱ्या झाकणाचा, स्क्रू सैल असतो किंवा पात्याखाली कचरा अडकलेला असतो.

लाकडावर तांबूस किंवा काळपट मळ उतरत असेल तर गंज. बाभळीसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात ओल असेल तर लोखंड लागताच निळसर काळा डाग पडतो आणि तो रंध्याने सहज निघत नाही, खोल मुरतो.

आणि तळावर ओरखडे दिसताहेत, पण लाकूड स्वच्छ निघतंय? मग काहीही करू नका. वापरलेल्या रंध्याच्या तळावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असणारच.

पहिली तपासणी: तोंड आणि तळ पुसा

खर्च शून्य. पातं काढा, तोंडात, म्हणजे तळातल्या ज्या फटीतून पातं बाहेर येतं तिथे, अडकलेल्या ढलप्या लाकडाच्या काडीने काढा. स्क्रू-ड्रायव्हरने काढू नका, तोंडाची कड त्यानेच तुटते. मग घासलेट किंवा टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने तळ पुसा. सागाचा तेलकट अंश आणि धूळ मिळून तळावर तपकिरी थर बसतो आणि त्यात वाळूचा एखादा कण रुतला की तो कण फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढत जातो. नुसतं पुसल्यावर रेघा बंद झाल्या, असं फार वेळा होतं.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर आलेल्या हत्यारांत पुराचा गाळ ठिकठिकाणी भरलेला होता. फ्रॉगच्या (पातं ज्यावर बसतं त्या तिरप्या ठोकळ्याच्या) खाली, हँडलच्या स्क्रूभोवती, कॅप आयर्न (पात्याला जोडलेली वरची पट्टी) आणि पातं यांच्या मध्ये. वरून धुतलेला रंधा कोरडा झाला की तो गाळ सुटून पुन्हा तोंडात येतो. पुरात भिजलेलं हत्यार पूर्ण खोलूनच साफ करायचं, नाहीतर एक कण काढाल आणि दुसरा उतरेल.

दुसरी तपासणी: रिकामा रंधा चालवा

पातं पुन्हा बसवा, पण पूर्ण आत ओढून घ्या. देवदाराचा किंवा कुठल्याही मऊ लाकडाचा गुळगुळीत तुकडा घ्या आणि त्यावर रंधा नेहमीच्या दाबाने चालवा. रेघ उठली तर ती तळाचीच, दुसरं काही तिथे लाकडाला लागतच नाही. नाही उठली तर तळाला हात लावायचं कारण नाही, थेट पात्याकडे वळा.

माझ्या मते सगळ्यांत मोलाची तपासणी हीच. पात्याच्या खोचेची शिक्षा तळाला मिळते ती ही तपासणी वगळल्यामुळे. लोकांना ओरखडा दिसतो, रेघ दिसते आणि ते दोन्ही जोडून टाकतात.

तिसरी तपासणी: कंगोरा शोधा

तळावर कापसाचा बोळा अलगद फिरवा, आधी लांबीत, मग रुंदीत. कंगोरा असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो. बोटाला जे कळत नाही ते कापसाला कळतं, आणि बोट कापायची भीती नाही. अडकला तिथे मार्करने खूण करा. हे कंगोरे बहुधा तळाच्या कडांवर आणि चार कोपऱ्यांवर सापडतात, कारण रंधा पडतो किंवा ठोकरतो तो तिथेच.

आता कंगोरा काढायचा. तेलाचा बारीक दगड किंवा बारीक दातांची सपाट कानस घ्या. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाका. दगड तळावर पूर्ण सपाट ठेवा, बोटं दगडाच्या मधोमध, दाब फक्त दगडाच्या वजनाइतका. खुणेवरून लहान लहान फेऱ्या मारा. पहिल्या फेऱ्यांत दगड अडखळतो, 'खर्र' असा आवाज येतो आणि फक्त कंगोऱ्याचा माथा चमकायला लागतो, आजूबाजूचं बीड राखाडीच राहतं. आणखी काही फेऱ्यांनी आवाज बदलतो, दगड सरकायला लागतो. तिथे थांबा. पुसा, कापूस पुन्हा फिरवा. खाच अजून दिसत असेल, तिला दिसू द्या. तिच्या मागे लागलात तर तिच्या खोलीइतकं बीड सगळ्या तळावरून उतरवावं लागेल, आणि त्यातून लाकडाला काहीही मिळणार नाही.

कोपऱ्यांची आणि बाहेरच्या कडांची धार कानशीने किंचित मोडून ठेवा, पुढच्या वेळी ठोकर बसली तर कंगोरा तळाच्या पातळीवर येणार नाही. पण तोंडाची पुढची कड मोडू नका. पातं लाकूड उचलतं तेव्हा त्याच्या अगदी पुढे ही कड तंतू दाबून धरते. ती गोल झाली की उलट्या रेषांचं लाकूड खपल्या निघून फाटतं.

चौथी तपासणी: धार

पातं काढून धार बल्बकडे करून बघा. चांगली धार दिसत नाही. जिथे पांढरा ठिपका किंवा रेघ चमकते, तिथे ती बोथट आहे किंवा खोच आहे. खोच कुठे आहे ते मोजा आणि लाकडावरच्या उंच रेघेशी ताडून बघा. जागा जुळली की संशय संपला.

बारीक खोच दगडावर निघते. आधी खडबडीत बाजू, मग बारीक, उतार २५ अंशांचा आणि शेवटची धार ३० च्या आसपास. खोच मोठी असेल तर ग्राइंडर लागतो, आणि इथे घाई महागात पडते. साध्या कार्बन पोलादाचं पातं तापून पिवळसर झालं की सावध व्हायचं, निळं झालं की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. मग कितीही धार लावा, टिकत नाही. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा, पातं उघड्या बोटांनी धरा. बोटाला चटका बसला तर पात्यालाही विश्रांती हवी. चष्मा घातल्याशिवाय ग्राइंडर सुरू करू नका.

पात्याच्या पाठीवरचे ओरखडे बघताना फक्त धारेलगतचा बोटभर पट्टा बघा. तेवढाच भाग आरशासारखा लागतो. वरचा भाग कितीही ओरबाडलेला असो, तो लाकडापर्यंत पोचत नाही. जाड काचेच्या तुकड्यावर काळा वॉटर पेपर चिकटवा, ४०० पासून सुरू करून ६००, १०००. पाठ पूर्ण सपाट टेकवा, फक्त धारेलगतचा भाग पेपरवर राहील असं धरा. पुढच्या नंबरवर जाताना घासायची दिशा बदला, म्हणजे मागच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते डोळ्याला दिसतं. आणि मधे काच धुवा. ४०० चा एक कण १००० च्या पेपरवर आला की सगळी मेहनत वाया जाते.

खोचा पुन्हा पुन्हा पडत असतील तर कारण शोधा. बडोद्यात जुनी लाकडी घरं उतरवली जातात आणि त्यांचं सागवान विकायला येतं. लाकूड उत्तम, पण त्यात डोकं तुटलेले खिळे आणि भेगांत चुना-वाळू असते. रंधा लावण्याआधी तारेच्या ब्रशने भेगा झाडा आणि जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवा. जिथे ते ओढलं जातं तिथे खिळा आहे. सागात स्वतःचीही सिलिका असते, म्हणून साग धार लवकर खातो, पण त्याने धार सगळीकडे सारखी बोथटते. एकाच जागी खोच दिसली तर ते काम खिळ्याचं किंवा खड्याचं. प्लायवूडसाठी चांगला रंधा वापरू नका. त्यातल्या डिंकाच्या थराने धार लगेच जाते.

पाचवी तपासणी: गंज

वरवरचा तांबूस गंज घासलेट आणि बारीक स्टील वूलने निघतो. दिशा कायम लांबीची ठेवा, म्हणजे जे बारीक ओरखडे पडतील ते चालीच्या दिशेने पडतील. गंज निघाल्यावर खाली काळे खड्डे दिसतील. तळावर असतील तर ते खाचेसारखेच निरुपद्रवी, फक्त त्यांत ओल साचू नये म्हणून मेण भरून ठेवा. पात्याच्या पाठीवर, धारेलगत असतील तर त्रास देतात, कारण धार मागे सरकत सरकत त्या खड्ड्यापर्यंत पोचली की दातेरी होते.

सुटे भाग, स्क्रू, कॅप आयर्न यांच्यासाठी आपल्याकडे फरसाणात घालतात ती लिंबाची फुलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड, चांगली. एक लिटर पाण्यात साधारण ५० ग्रॅम. तासातासाने काढून बघा, चार-पाच तासांपेक्षा जास्त ठेवू नका. पोलाद ॲसिडमध्ये फार वेळ राहिलं तर त्यावर नवे खड्डे पडतात. बाहेर काढलं की खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच कोरडं करून तेल लावा. रंग राखाडी होईल, तो दोष नाही.

बाथरूम धुवायचं ॲसिड मात्र हत्याराला कधीच लावू नका. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्याची नुसती वाफ बंद खोलीतल्या बाकीच्या हत्यारांवरही गंज चढवते. एक पटाशी साफ करायला जाल आणि अख्खी पेटी तांबडी होईल.

गंज निघाल्यावर तळावर मेणबत्ती घासा आणि कोरड्या फडक्याने चोळा. रंधा हलका चालतो आणि दमट दिवसांत हाताच्या घामाचं मीठ बिडाला लागत नाही. पात्याला शिवणयंत्राचं तेल. शेंगतेल किंवा सरसूचं तेल नको, ती चिकट होतात आणि त्यांवर धूळ बसते. सिलिकॉन स्प्रेही नको. तो लाकडाला लागला की पुढे पॉलिश धरत नाही, गोल गोल डोळे पडतात. ज्यांचं काम संखेड्याच्या धर्तीवर लाखेचं किंवा चकचकीत पॉलिशचं आहे, त्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. चमकत्या थराखाली बारीकशी रेघही मोठी होऊन दिसते.

सहावी तपासणी: तळ सपाट आहे का

हे शेवटी, कारण हे सगळ्यांत अवघड आणि यात नुकसान परत फिरवता येत नाही. स्टीलची सरळ पट्टी तळावर उभी ठेवा, मागून उजेड धरा. तीन जागा एका पातळीत हव्यात: पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढचा भाग आणि मागचं टोक. मधे कुठे उजेड दिसला तर चालतं. तोंडापुढे फट दिसली तर चालत नाही, कारण तंतू दाबणारं तिथे कोणी उरत नाही.

फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्यांच्या जुडग्यातलं, ०.०५ मिलिमीटरचं पान जेमतेम जात असेल तर घरी होतं. काचेवर १२० चा पेपर चिकटवा, तळावर मार्करने तिरप्या रेघा मारा. पातं बसवून, नेहमीइतकं घट्ट करून, पण आत ओढून घ्या, कारण लिव्हर कॅपच्या ताणाने बिडाचा आकार किंचित बदलतो आणि आपल्याला तळ सपाट हवा तो काम करतानाचा. दाब मधोमध ठेवा, दर थोड्या फेऱ्यांनी रंधा उलटा फिरवा. त्या तीन जागांवरची शाई गेली की थांबा. सगळ्या तळावरून शाई जाईपर्यंत घासायचं नसतं. मग २२० आणि ३२०, पुरे.

लाकडी रंध्याची गोष्ट वेगळी. त्याचा तळ दुसऱ्या रंध्याने हलकासा साफ करता येतो, पण दर वेळी तोंड थोडं रुंद होतं.

बाकीची हत्यारं, थोडक्यात

पटाशीला पात्याचाच नियम. करवतीच्या पात्यावरचे ओरखडे कापणीला अडत नाहीत. गंज मात्र अडतो, तो लाकडी ठोकळ्याभोवती पेपर गुंडाळून लांबीत काढा, दातांना पेपर लागू देऊ नका. गुण्याच्या, म्हणजे काटकोन बघायच्या हत्याराच्या, कडेला कंगोरा आला असेल तर आधी तपासा: फळीच्या सरळ कडेवरून रेघ मारा, गुण्या उलटवून त्याच बिंदूतून पुन्हा मारा. दोन रेघा एक आल्या तर फक्त कंगोरा काढा. फाकल्या तर त्या गुण्यावर विसंबू नका. पट्टीच्या आकड्यांवरून पेपर कधीही फिरवू नका.

कुठे थांबायचं

तोंडाच्या कोपऱ्यापासून निघालेली रेघ दिसली आणि ती ओरखडा आहे की तडा हे कळेना, तर घासलेट लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर आत शिरलेलं घासलेट परत वर येतं आणि पांढऱ्या पुडीत गडद रेघ उमटते. तसं झालं तर तिथेच थांबा. बिडाचं वेल्डिंग गल्लीतल्या ग्रिल-दरवाजेवाल्याचं काम नाही. बीड आधी तापवावं लागतं, त्याच्या कांड्या वेगळ्या असतात, आणि थंड करतानाही ते फुटतं. बिडाचं काम रोज करणारा माणूसच शोधा, आणि नेहमीच्या वापरातला साधा रंधा असेल तर दुसरा घ्या.

पातं रुंदीभर निळं झालं असेल, किंवा धारेलगत खोल खड्डे असतील, तर नवीन पातं स्वस्त पडतं. लाकडी रंध्याचं तोंड रुंद झालं असेल तर तळात नवा तुकडा बसवावा लागतो. ते मुरलेल्या सुताराचं काम, शिकाऊ हाताने जुन्या रंध्यावर करून बघायचं नाही. मुरगळलेलं करवतीचं पातं ठोकून सरळ करायचं तर तेही त्यातल्या जाणकाराकडेच द्या.

तळाखाली फीलर गेजचं ०.१५ चं पान सहज जात असेल, किंवा रंधा सपाट टेबलावर डुगडुगत असेल, तर पेपरवर तासन्‌तास घासूनही तो सरळ होत नाही, बहुधा आणखी गोल होतो. त्याला सरफेस ग्राइंडिंग हवं, म्हणजे मशीनवर घासून तळ सपाट करणं. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, मशिनिंगचं काम करणारे आहेत, पण त्यांचा रोजचा माल डाय आणि प्लेटा असतो, म्हणून सांगून द्या: बीड आहे, हलका हात घ्या, कमीत कमी कट, आणि त्या तीन जागा लागल्या की बस, उरलेला खड्डा राहू द्या. तोंडाच्या कडेला हात लावू नका हेही सांगा. काम चुंबकी टेबलावर झालं असेल तर रंधा डिमॅग्नेटाइज करूनच, म्हणजे त्यातलं चुंबकत्व काढूनच, घ्या. नाहीतर घरी आल्यावर लोखंडाचा कीस तळाला चिकटतो आणि नव्या तळावर पहिल्याच फळीला पुन्हा रेघा सुरू होतात.